२जेझेड-जीटीई, १.५ बार बूस्ट: प्लग ७ नंबर की ८, आणि गॅप किती?

वाळवंटी_बूस्ट
गाडी टोयोटा सुप्रा, इंजिन २जेझेड-जीटीई, व्हीव्हीटी-आयच्या (टोयोटाची व्हॉल्वची वेळ बदलणारी यंत्रणा) आधीचे, म्हणजे सहा प्लगना सहा कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारे). मूळचे दोन टर्बो काढून एकच मोठा बसवला आहे. इंधन दुबईतले सुपर ९८. सध्या १.१ बार बूस्टवर (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चालते, डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायचे यंत्र) १.५ पर्यंत न्यायचे आहे, अंदाज ५५० ते ६०० हॉर्सपॉवर. प्लग मूळच्याच नंबरचे (एनजीके कंपनीच्या मोजणीत ६; हा आकडा हीट रेंजचा, म्हणजे प्लग किती गरम-थंड राहतो त्याचा), गॅप, म्हणजे ठिणगी जिथून उडते ती फट, १.१ मिमी. १.१ बारच्या वर नेले की ४५०० आरपीएमच्या आसपास अडखळते, त्यापुढे पुन्हा सरळ ओढते.

प्रश्न: ७ नंबर की ८? गॅप किती? इरिडियम की साधा? आणि कॉइल बदलावे लागतील का?

डायनोकाका
यातले पहिले दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. हीट रेंज ठरते सिलिंडरमधल्या उष्णतेवर, गॅप ठरते कॉइलच्या ताकदीवर. तुमचे अडखळणे गॅपचे आहे. ८ नंबर घालून गॅप १.१ च ठेवली तर ते तसेच राहील, उलट थोडे वाढेल, कारण थंड इलेक्ट्रोडवरून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते.

आधी हीट रेंज. 'थंड' प्लग म्हणजे कमजोर ठिणगी हा समज डोक्यातून काढा. थंड प्लगमध्ये चिनी मातीचे टोक आखूड असते, म्हणून उष्णता लवकर हेडमध्ये उतरते. गरम प्लगचे टोक लांब, उष्णता तिथेच रेंगाळते. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिले पाहिजे, म्हणजे काजळी जळून जाते. ८०० ते ८५० च्या वर गेले की ठिणगीची वाट न बघता ते स्वतःच मिश्रण पेटवायला लागते. हे प्री-इग्निशन, आणि बूस्टवर चाललेल्या इंजिनात ते काही सेकंदांत पिस्टनला भोक पाडते.

एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड. एका पायरीने टोकाचे तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी खाली येते. डेन्सोमध्येही नंबर वाढला की थंड, पण आकडे वेगळे: एनजीके ६ म्हणजे डेन्सो २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४, ९ म्हणजे २७. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे, आकडा लहान तितका प्लग थंड. दुकानात 'एक नंबर वरचा द्या' असे सांगितलेत तर ब्रँडप्रमाणे विरुद्ध वस्तू हातात पडेल.

पूर्ण कोड लिहून न्या. २जेझेडला १४ मिमीचे आटे, १९ मिमी लांबी, १६ मिमीचा पाना. त्यात बसणारे: बीकेआर७ई (साधा निकेल), बीकेआर७ईआयएक्स, बीकेआर८ईआयएक्स, डेन्सो आयके२२ आणि आयके२४.

आटे_आणि_टॉर्क
काकांच्या यादीला एक जोड. बीकेआर आणि बीसीपीआर हे आटे, लांबी आणि पान्याच्या मापात सारखेच, पण बीकेआरची वरची उंची सुमारे २.५ मिमी कमी असते. निसान आरबी इंजिनवाल्यांच्या धाग्यांत बीसीपीआर७ईएस सर्रास दिसतो, तो वाचून २जेझेडसाठी उचलू नका. कॉइलचे बूट (प्लगवर बसणारी रबरी नळी) आणि आतली स्प्रिंग ज्या उंचीसाठी आहे तीच उंची घ्यावी.

सरळसोट_सहा
मी ७ च म्हणेन. रस्त्यावरची गाडी ९० टक्के वेळ बूस्टमध्ये नसतेच. दुबईच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून वीस मिनिटे रांगत चालली की ८ नंबर काळा पडतो, मग थंड इंजिनला सकाळी स्टार्टर मारत बसा. बीकेआर७ई साधा निकेल घ्या, ०.७ गॅप, दर १०,००० किमीला बदला. किंमत किरकोळ.

डायनोकाका
तुमचा मुद्दा रस्त्यापुरता खरा आहे. पण हे महाशय डायनोवर जाणार आहेत आणि ट्यूनिंग अजून झालेले नाही. चुकीच्या दोन बाजू सारख्या महाग नाहीत. प्लग जास्त थंड निघाला तर काळा पडेल, मिसिंग करेल (मिश्रण न पेटता जाईल), काढून नवा टाकाल. जास्त गरम निघाला तर पिस्टन जाईल. म्हणून मॅप (इंधन आणि टायमिंगचा तक्ता) बनत असताना ८, आणि नंतर प्लग वाचून वाटले तर ७ वर या. उलट दिशेने जाऊ नये.

'दर ७५ ते १०० हॉर्सपॉवरला एक पायरी थंड' हा एनजीकेचा ढोबळ नियम. निर्यातीच्या २जेझेडची मूळ ताकद ३२० च्या आसपास. म्हणजे ६०० ला जाताना तीन पायऱ्या, ९ नंबर? रस्त्यावरच्या गाडीत ९ टाकला तर तो काळाच राहील. हा नियम पूर्ण इंजिनाच्या आकड्यावर आहे आणि इथे वाढ सहा सिलिंडरांत वाटली जाते. चार सिलिंडरच्या गाडीत हेच २८० हॉर्सपॉवर वाढवले असते तर मीसुद्धा ९ ची पेटी शेजारी ठेवली असती. माझा हिशोब: ४५० पर्यंत ७, साधारण ५०० पासून ८, आणि ९ फक्त ट्रॅकवर सलग पूर्ण थ्रॉटल असेल तर.

आणखी एक. थंड प्लग नॉकिंगवरचे (मिश्रण एकदम स्फोटासारखे पेटणे) औषध नाही. नॉकिंग टायमिंगने (ठिणगीची वेळ), इंधनाने आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाने आवरायचे. प्लग फक्त स्वतः निखारा होणार नाही एवढीच हमी देतो.

मिसफायर_मंजिरी
गॅपचा हिशोब कागदावर करता येतो, म्हणून करून दाखवते.

ठिणगी उडायला लागणारे व्होल्टेज हे प्लगभोवतीच्या वायूची घनता गुणिले गॅप यावर चालते. पाशेनचा नियम. मूळ इंजिन साधारण ०.७५ बार बूस्टवर चालते, म्हणजे निरपेक्ष दाब (वातावरणाचा धरून) १.७५ बार, आणि तिथे १.१ मिमी गॅप चालते. तुम्ही १.५ बार करताय, म्हणजे निरपेक्ष २.५. गुणोत्तर १.४३. कॉइलवरचा ताण तेवढाच ठेवायचा तर १.१ भागिले १.४३, म्हणजे ०.७७ मिमी. २ बारला गुणोत्तर १.७१, गॅप ०.६४.

प्रत्यक्षात याहून थोडे कमी करावे लागते. जास्त बूस्टला टायमिंग मागे घेतलेले असते. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या जवळ उडते आणि त्या क्षणी दाब आणखी चढलेला असतो. म्हणून १.५ बारला ०.७ ते ०.७५, २ बारला ०.६. ०.५५ च्या खाली जाऊ नका. ज्वालेचा पहिला ठिपकाच इतका लहान पडतो की आयडल थरथरते आणि थंड इंजिन लवकर पेटत नाही.

आता ४५०० बद्दल. तिथे टॉर्क सर्वाधिक, सिलिंडर सर्वात जास्त भरलेला, म्हणून तिथेच ठिणगी विझते. पुढे सिलिंडर भरणे कमी होते आणि गाडी पुन्हा सरळ ओढते. हे जास्त गॅपचे नेहमीचे लक्षण. अडखळणे ६५००-७००० ला सुरू झाले असते तर मी कॉइल, इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारे युनिट) आणि वायरिंगकडे बघितले असते.

वाळवंटी_बूस्ट
ट्यूनर म्हणाला ४५०० ला वाइडबँडवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी, दिसते, इंधन वाढवू. वाढवू द्यावे का?

मिसफायर_मंजिरी
मुळीच नको. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधला न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, न जळलेले पेट्रोल त्याला दिसत नाही, म्हणून तो 'पातळ' म्हणतो. इंधन वाढवले की प्लग ओला होतो, मिसफायर वाढतो, आकडा आणखी पातळ दिसतो. आधी ०.७ गॅपचे नवे प्लग, मग तोच पुल (डायनोवर पूर्ण थ्रॉटलची धाव) पुन्हा. आकडा जागेवर आला तर मिश्रण मुळात बरोबरच होते.

आटे_आणि_टॉर्क
+१. बरेच मॅप या एका गैरसमजापायी काळा धूर सोडत फिरतात.

कॉइलबद्दल: सहा स्वतंत्र कॉइल असतील तर चार्ज व्हायला वेळ भरपूर मिळतो. ७००० आरपीएमला एका सिलिंडरची दोन ठिणग्यांमधली वेळ १७ मिलिसेकंद, कॉइलला लागतात ३ ते ४. एकाच कॉइलवर डिस्ट्रिब्युटरने सहा प्लग चालवणाऱ्या जुन्या इंजिनांत हीच वेळ २.९ मिलिसेकंद व्हायची, तिथे खरी ओढाताण. तुमच्याकडे कमी पडलेच तर व्होल्टेज कमी पडेल. मोठे फ्युएल पंप आणि पंखे एकदम चालू असताना कॉइलच्या कनेक्टरवर मीटर लावून बघा. बॅटरीवर १३.८ आणि कनेक्टरवर १२ असेल तर नवे कॉइल घेण्याआधी जाड वायरचा रिले घाला.

मूळ कॉइल पंचवीस वर्षांहून जुने असतील. बुटांना आतून भेगा आहेत का आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभ्या काळ्या रेघा आहेत का ते बघा. त्या रेघा म्हणजे ठिणगी बाहेरून बॉडीकडे पळते आहे. प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे, एकच बदलला तर दुसऱ्याची रेघ त्याच्यावर उमटते. षटकोनाच्या लगेच वर तपकिरी कडे दिसेल तो कोरोनाचा डाग, निरुपद्रवी, घाबरू नका.

सरळसोट_सहा
इरिडियम की साधा यावर कुणी बोललेच नाही.

डायनोकाका
इरिडियमचा फायदा बारीक टोकात आहे. डेन्सोचा ०.४ मिमी, एनजीके आयएक्सचा ०.६ मिमी. टोक जितके अणकुचीदार तितके कमी व्होल्टेज लागते, आणि बूस्टमध्ये तेच हवे असते. इरिडियम २,४०० अंशांच्या वर वितळतो, निकेल साधारण १,४५० ला, त्यामुळे टोकाची धारही जास्त दिवस राहते. निकेलचे टोक १०,००० किमीत गोल होते आणि लागणारे व्होल्टेज वाढत जाते.

साध्या निकेलची बाजू: स्वस्त, ट्यूनिंगच्या दिवशी दोन-तीन संच फुकट गेले तरी जीव हळहळत नाही. त्याला बाजारात 'कॉपर प्लग' म्हणतात ते नाव फसवे आहे, तांबे फक्त आतल्या गाभ्यात असते, आणि ते महागड्या प्लगमध्येही असतेच.

मला आवडत नाही तो प्रकार म्हणजे बाहेरच्या पट्टीवर (मधल्या टोकासमोरचा वाकवलेला इलेक्ट्रोड) प्लॅटिनमची टिकली चिकटवलेले प्लग अशा इंजिनात. जोराचे नॉकिंग झाले की ती टिकली सुटू शकते, आणि सुटल्यावर ती टर्बोच्या दिशेनेच जाते.

नकली प्लगपासून सांभाळा. मीटरने वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत रोध मोजा, रेझिस्टर प्लगमध्ये ५ किलोओमच्या आसपास येतो. सहापैकी एक शून्य आणि एक १२ दाखवत असेल तर संच परत. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवर दाबून धरलेला असतो, सहज निघून हातात येत नाही.

आटे_आणि_टॉर्क
आता बसवणे. सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून सविस्तर.

गॅप करताना: मूळ गॅपपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवू नये असे एनजीके सांगते. म्हणून शेवटी '-११' लिहिलेला, म्हणजे १.१ चा प्लग घेऊन ०.७ करायला जाऊ नका. पट्टी तिरकी होते आणि ठिणगी एका कडेवरूनच उडते. '-११' नसलेला घ्या, तो ०.८ चा येतो, त्याला जेमतेम ०.१ दाबायचे. दाबताना बाहेरच्या पट्टीच्या पाठीवर हलकी टिचकी. मधल्या इरिडियमला काहीही टेकवायचे नाही, नाण्यासारखे गोल गेज तर अजिबात नको, ते टोकावर तरफ होते आणि टोक मोडते. तारेचे गेज वापरा.

इंजिन पूर्ण थंड हवे. ॲल्युमिनियमचे हेड गरम असताना प्लग काढले तर आटे सोबत येऊ शकतात. कॉइल काढल्यावर खड्ड्यात हवा मारा. २जेझेडमध्ये कॅम कव्हरच्या गॅस्केटमधून तेल झिरपून प्लगच्या खड्ड्यात साचते, ते कापडाने टिपून घ्या, नाहीतर प्लग काढल्या क्षणी सिलिंडरमध्ये जाईल. शिवाय तेल लागलेले रबरी बूट फुगतात.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकावर अडकवून हाताने फिरवत बसवा. आटा वाकडा पकडला तर नळी घसरते, पाना घसरत नाही, तो आटे कापत जातो. हाताने पूर्ण बसल्यावर टॉर्क रेंच. १४ मिमी आट्याला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर हा एनजीकेचा आकडा. तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडा कमी असेल तर तोच पाळा. टॉर्क रेंच नसेल तर नवा वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग पुन्हा बसवताना वॉशर आधीच चपटा झालेला असतो, म्हणून एक-बारांश फेरा पुरे.

अँटी-सीझ लावू नका. आट्यांवर आधीच मुलामा असतो. ग्रीसमुळे घर्षण कमी होऊन तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त ताणतो. कुणाला लावायचेच असेल तर टॉर्क ३० टक्क्यांनी कमी करावा.

सैल बसवणे हाही गुन्हाच. प्लगची उष्णता मुख्यतः आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. सैल ८ नंबर हा गरम प्लगसारखा वागतो.

पुण्याचा_टर्बो
अवांतर: माझी १.० लिटरची तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, स्टेज १ (फक्त इंजिनचे सॉफ्टवेअर बदललेले). बीकेआर७ईआयएक्स टाकू का?

आटे_आणि_टॉर्क
टाकू नका, बहुधा बसणारच नाही. नव्या लहान टर्बो इंजिनांपैकी अनेकांत १२ मिमीचे आटे आणि २६.५ मिमी लांबी असते, आणि १२ मिमीला टॉर्क १५ ते २० न्यूटन-मीटरच. जुना प्लग काढा, त्यावरचा कोड वाचा, त्याच कोडमधला फक्त हीट रेंजचा आकडा एकने वाढवून शोधा. आणि आधी खात्री करा की तसे काही करायची गरज आहे. स्टेज १ ला मूळ नंबर, गॅप ०.०५ ते ०.१ ने कमी आणि निम्म्या अंतराला बदल एवढे सहसा पुरते.

जोडठिणगी
माझे २जेझेड व्हीव्हीटी-आय आहे, तीन कॉइल. वर लिहिलेले सगळे मलाही लागू?

मिसफायर_मंजिरी
हीट रेंज आणि बसवणे तेच. फरक ध्रुवतेचा. तुमच्याकडे एक कॉइल दोन प्लग एकदम पेटवते: १-६, २-५, ३-४. जोडीतल्या एका प्लगमध्ये ठिणगी मधल्या टोकाकडून पट्टीकडे जाते, दुसऱ्यात उलटी. इलेक्ट्रॉन गरम टोकातून सहज निघतात, पट्टी तुलनेने थंड, म्हणून उलट्या प्लगना जास्त व्होल्टेज लागते आणि झीजही पट्टीची होते. मधले टोक तेवढे इरिडियम आणि पट्टी निकेलची असेल तर सहापैकी तीन प्लग लवकर मरतात. त्यामुळे गॅप आणखी ०.०५ कमी धरा, आणि पट्टीवरची गॅप दर ५,००० किमीला मोजा. वाढलेली असेल तर तिन्ही-तिन्ही न करता सहाही बदला.

(काका, तुमचा टिकलीचा मुद्दा इथे अडचणीचा आहे. पट्टीवर प्लॅटिनम नको म्हणावे तर या इंजिनात झीज वाढते.)

डायनोकाका
मान्य, ताई. व्हीव्हीटी-आयवाल्याने इतके बूस्ट करायचेच असेल तर सहा स्वतंत्र कॉइलवर जावे, म्हणजे हा वादच मिटतो.

प्लग वाचण्याबद्दल राहिले. शिसेविरहित पेट्रोलवर चिनी मातीचा रंग फारसे बोलत नाही, आणि महिनाभर चाललेला प्लग तर फक्त शेवटच्या सिग्नलची गोष्ट सांगतो. नवा प्लग घाला, डायनोवर एक पूर्ण पुल, शिखरावर इग्निशन बंद, क्लच दाबा, थंड होऊ द्या, भिंगातून बघा.

पट्टीवर जिथे रंग बदलतो ती रेघ वळणाच्या आसपास हवी. टोकाकडे असेल तर प्लग थंड किंवा टायमिंग मागे. बुडाशी आट्यांपर्यंत उतरली असेल तर थांबा, टायमिंग कमी करा. आट्यांचा रंग खालच्या एक-दोन आट्यांपर्यंतच उतरलेला हवा, तीन-चारपर्यंत गेला तर प्लग गरम. चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके म्हणजे नॉकिंग. चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम, आणि ते बहुधा पिस्टनमधूनच येते. तिथे त्या दिवसाचे काम बंद. पृष्ठभागावर काचेसारखे फोड म्हणजे टोक वितळायला आले.

विटकरी-नारिंगी थर दिसला तर ऑक्टेन बूस्टरची बाटली आठवा. लोह किंवा मँगनीज असलेले बूस्टर तसा थर सोडतात, आणि तो गरम झाल्यावर वीज वाहून मिसिंग करतो.

सरळसोट_सहा
आणि रेसिंगचे बिनरेझिस्टरचे प्लग? त्यात ठिणगी जोरदार म्हणतात.

आटे_आणि_टॉर्क
ठिणगीतला फरक जाणवण्याइतका नसतो. त्यातला विद्युत गोंगाट मात्र क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये घुसतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) वेळ चुकतो. नको.

वाळवंटी_बूस्ट
सगळ्यांचे आभार. तर यादी अशी: बीकेआर८ईआयएक्स सहा, गॅप ०.७. ट्यूनरला इंधन वाढवू नको सांगितले आहे. कॉइलच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजतो. बूट सहाही नवे. बरोबर?

डायनोकाका
प्लग सहाऐवजी आठ नग घ्या. गॅप करताना एखाद्याचे टोक जातेच, आणि पुल झाल्यावर वाचायला काढलेला प्लग लगेच परत बसवायचा म्हणजे चपट्या वॉशरचा घोळ. शिवाय बीकेआर७ईचा एक साधा संच डिकीत टाका. गाडी सकाळी पेटलीच नाही तर ओले ८ काढून ते घालून घरी येता येईल, फक्त त्या संचावर बूस्टला हात लावायचा नाही.